माळ्यावरच्या ११८ मेटल कॅसेट उतरवताना

रविवारी, ८ डिसेंबर २०२४ला, शेवटची कॅसेट संगणकावर उतरवून झाली. १४ जानेवारीला माळ्यावरून खोकं खाली काढलं होतं, म्हणजे जवळजवळ अकरा महिने लागले. त्यातले चार महिने पावसामुळे काम बंद होतं आणि त्याआधीचे दोन महिने डेक, म्हणजे कॅसेट वाजवायचं यंत्र, दुरुस्त होण्यात गेले. ज्यांच्या घरी हेवी मेटल या रॉक संगीतप्रकाराच्या कॅसेटचं असं खोकं पडून आहे आणि ते उघडायचा धीर होत नाही, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहितो आहे. चुका, खर्च आणि वाट बघणं यांसकट.

गाणी आज फोनवर मिळतात, तीही जास्त स्वच्छ. तरी हे केलं, कारण खोक्यातल्या ११८पैकी ७२ कॅसेट भरलेल्या आहेत. कोणीतरी कोणासाठी तरी, कोऱ्या कॅसेटवर, दुसऱ्या कॅसेटवरून किंवा एलपीवरून भरून दिलेल्या. त्यांच्यावर गाण्यांइतकंच महत्त्वाचं आणखी काही आहे: कशानंतर काय ठेवलं, बाजू संपताना उरलेल्या चार मिनिटांत काय बसवलं, कुठे टेप संपली आणि गाणं तुटलं. मेटल हाताहातांतून पसरत होतं तेव्हा हीच त्याची वाट होती, आणि ती दुसरीकडे कुठेही नोंदलेली नाही.

पहिले तीन दिवस फक्त मोजदाद केली. रेकॉर्ड कंपनीने काढलेल्या ४६ कॅसेट, भरलेल्या ७२. भरलेल्यांत ४९ सी-९० (दोन्ही बाजू मिळून ९० मिनिटांच्या), २१ सी-६० आणि दोन सी-१२०. सी-१२० लगेच बाजूला काढा. सी-६०ची फीत साधारण १८ मायक्रॉन जाड असते, सी-९०ची १२ आणि सी-१२०ची जेमतेम ९. ती ताणली जाते आणि डेकने खाल्ली तर पुन्हा सरळ होत नाही. प्रत्येक कॅसेटला क्रमांक दिला, पण चिकटपट्टी प्लॅस्टिकच्या डबीवर लावली. कॅसेटच्या अंगावर लावलेली पट्टी उन्हाळ्यात सुटते आणि डेकमध्ये अडकते. मग खिडकीतून फितीच्या गुंडाळीकडे उजेडात पाहिलं. कडेला पांढरी भुकटी दिसली की ती बुरशी. अशा नऊ निघाल्या. त्या वेगळ्या डब्यात ठेवल्या आणि एकीलाही डेकमध्ये घातलं नाही, कारण एका कॅसेटची बुरशी हेडवरून, म्हणजे डेकच्या फीत वाचणाऱ्या भागावरून, पुढच्या दहांना लागते.

दुसरी विभागणी कॅसेट कुठून आली त्याप्रमाणे केली. कंपनीच्या कॅसेट बहुतेक मुंबईच्या, काही काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधल्या. तिथे घेण्याआधी ऐकायला मिळायचं, आणि ज्या बँडचं फक्त नाव कुठेतरी वाचलं आहे त्याच्यावर पैसे घालण्याआधी ही सोय फार मोलाची होती. ते दुकान २०१६मध्ये बंद झालं. भरलेल्यांपैकी काहींच्या कव्हरच्या आत बँडची नावं मासिकांतून उतरवून घेतलेली आहेत. १९९३मध्ये अलाहाबादहून सुरू झालेल्या रॉक स्ट्रीट जर्नल या रॉक संगीताच्या मासिकाची कात्रणंही दोन डब्यांत घडी करून ठेवलेली सापडली. पाच कॅसेट टीव्हीवरून भरलेल्या. १९९१मध्ये स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही घरात आलं तेव्हाच्या, टेपरेकॉर्डर टीव्हीच्या स्पीकरसमोर ठेवून. आणि एक कॅसेट रंगभवनातली, प्रेक्षकांत बसून टिपलेली. मुंबईत धोबी तलावच्या त्या खुल्या रंगमंचावर आय-रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव व्हायचा, १९८६पासूनचा. कव्हरवर फक्त 'आय-रॉक' लिहिलेलं, वर्ष नाही.

इथला सल्ला महत्त्वाचा: जी पुन्हा मिळू शकते तिच्यापासून सुरुवात करा आणि जी एकमेव आहे ती शेवटी घ्या. तोवर हात बसलेला असतो आणि डेकच्या खोडी कळलेल्या असतात.

डेक रविवारी, २१ जानेवारीला, पुण्याच्या जुन्या बाजारात २,८०० रुपयांना मिळाला. यूएसबीची वायर असलेले छोटे नवे प्लेअर स्वस्तात मिळतात, पण ते घेऊ नका. त्यांची यंत्रणा हलकी असते, फीत एका वेगाने ओढली जात नाही आणि लांबवलेला प्रत्येक सूर हेलकावे खातो. गिटारच्या लांब सुरांवर उभ्या असलेल्या संगीतात ते लगेच कानाला टोचतं. जुना घरगुती डेक घ्या, एकाच कॅसेटचा, ऑटो-रिव्हर्स नसलेला. ऑटो-रिव्हर्समध्ये बाजू बदलताना हेड फिरतं आणि दर वेळी तसूभर वेगळ्या कोनात बसतं. बाजारात वीज नसेल तर बोटाने तीन गोष्टी तपासा: हेडवर खाच पडली आहे का, रबरी चाक कडक किंवा चकचकीत झालं आहे का, आणि बटणं अडकतात का. मोटरच्या जोरावर चाकं फिरवणारा रबरी पट्टा गेलेला असणार हे धरूनच भाव करा.

आमच्या डेकचा पट्टा नुसता गेला नव्हता, त्याचं डांबर झालं होतं. जुनं रबर वितळून पुलीला चिकटतं. ते कापसाच्या बोळ्याने आणि ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पूर्ण निघेपर्यंत पुसावं लागतं. थोडंही राहिलं तर नवा पट्टा घसरतो. मापासाठी पुल्यांभोवती दोरा फिरवून लांबी मोजली आणि त्याहून पाच टक्के कमी घेराचा पट्टा शोधला. पुण्यात इलेक्ट्रॉनिक सामान मिळणाऱ्या तपकीर गल्लीत गोल पट्टे भरपूर मिळाले, पण मोटरपासून जड चाकाकडे जाणारा चपटा पट्टा त्या मापाचा मिळाला नाही. गोल पट्टा तिथे चालवून पाहू नका, वेग डोलतो.

मग २ फेब्रुवारीला परदेशातून मागवला. पट्टा ७४० रुपये, टपाल १,१५०. मुंबईत आल्यावर पाकीट सीमाशुल्कात १९ दिवस राहिलं. त्यांनी ओळखपत्राची प्रत आणि पैसे भरल्याचा पुरावा मागितला. पाकिटावर वस्तूचं वर्णन नुसतं 'पार्ट' असं होतं, म्हणून ते बाजूला पडलं होतं. विक्रेत्याला आधीच सांगा की वर्णनात 'कॅसेट डेकचा रबरी पट्टा, एक नग' असं स्पष्ट लिहा आणि बिलाची प्रत पाकिटाच्या बाहेर लावा. ६१० रुपये शुल्क भरून ते ११ मार्चला, ३८व्या दिवशी, हातात पडलं. दीडेक महिना डेक टेबलावर उघडा पडून असतो तेव्हा सगळं सोडून द्यावंसं वाटतं. त्या दिवसांत कव्हरं स्कॅन करून घ्या. सहाशे डीपीआयवर, दोन्ही बाजू, आतली कोरी वाटणारी घडीसुद्धा. अक्षरं बहुतेक वेळा तिथेच असतात.

पट्टा बसवायचे कारागिराने ९०० घेतले. हेड आणि फीत ओढणारा धातूचा दांडा अल्कोहोलने पुसले. रबरी चाकाला मात्र अल्कोहोल नको, त्याने रबर सुकतं. साबणाचं कोमट पाणी पुरतं. हेडमधलं साचलेलं चुंबकत्व काढायचं उपकरण १,१०० रुपयांचं. ते वापरताना डेक बंद हवा, कॅसेट दुसऱ्या खोलीत हव्यात. उपकरण हात लांब करून चालू करा, सावकाश हेडजवळ न्या, तितक्याच सावकाश लांब आणा आणि मगच बंद करा. हेडजवळ असताना वीज गेली तर हेड उलट जास्त चुंबकित होतं, म्हणून आमच्याकडे वीज जाण्याची वेळ असते त्या दुपारी हे केलं नाही.

वेग हा पुढचा अडथळा. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावली पाहिजे. मोटरच्या पाठीवर एक बारीक भोक असतं, त्यात प्लॅस्टिकचा पेचकस घालून वेग कमीजास्त होतो. मोजायला ३,१५० हर्ट्‌झचा सूर भरलेली चाचणी कॅसेट घेतली, १,९०० रुपयांना. डेक वीस मिनिटं चालवून तापल्यावरच मोजा. पहिल्यांदा थंड डेकवर वेग लावला आणि तासाभराने तो पुन्हा सरकलेला होता; पाच कॅसेट परत उतरवाव्या लागल्या. चाचणी कॅसेट परवडत नसेल तर कंपनीच्या पाच-सहा कॅसेटवरच्या गाण्यांची लांबी सीडीवरच्या लांबीशी ताडून सरासरी काढा. एकाच कॅसेटवर भरवसा नको, त्या कारखान्यातूनच थोड्या इकडेतिकडे असतात.

संगणकाकडे जाणारा भाग सोपा आहे. लॅपटॉपचा माइकचा जॅक बहुतेक वेळा एकाच चॅनलचा असतो, म्हणून लाइन-इन असलेला दोन चॅनलचा इंटरफेस, म्हणजे डेक आणि लॅपटॉप यांना जोडणारी छोटी पेटी, घेतला, ७,४०० रुपये. ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट. सर्वात मोठा आवाज उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. पाठीमागे ५० हर्ट्‌झची घरघर येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आमच्याकडे तेवढ्यानेच ती गेली.

२४ मार्चला, होळीच्या दिवशी, पहिली कॅसेट लावली. कंपनीच्या चाळीस-एक व्यवस्थित झाल्या. भरलेल्या सुरू झाल्या आणि आवाज एकदम घोंगडीखालून आल्यासारखा झाला. झांजा गेल्या, गिटारची धार गेली. फीत खराब झाली असं वाटून मन खट्टू झालं होतं. पण फितीत दोष नव्हता, दोष कोनाचा होता, आणि या सगळ्या कामात शिकण्यासारखी एकच गोष्ट असेल तर ती हीच.

हेडमधली बारीक फट फितीच्या धावेला बरोबर काटकोनात हवी. तिला अझिमथ म्हणतात. ज्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट भरली त्याचं हेड जरा तिरकं असेल, तर तो तिरकेपणा फितीवर कायमचा उतरलेला असतो, आणि सरळ हेडवर ती कॅसेट वाजवली की वरचे स्वर गळून पडतात. उपाय असा: हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवर बसवलेला छोटा स्क्रू असतो. हेडफोनमध्ये दोन्ही चॅनल एकत्र करून, म्हणजे मोनोत, ऐका आणि स्क्रू अगदी हळू फिरवा. पाव फेराही फार होतो. ड्रमच्या हाय-हॅटकडे, म्हणजे पायाने वाजणाऱ्या जोडझांजेकडे, लक्ष द्या. एका जागी ती एकदम उघडते, पुढे गेलात की पुन्हा मिटते. ती उघडी जागा बरोबर. मेटलमध्ये गिटारने कान फसतो, कारण डिस्टॉर्शन लावलेली, मुद्दाम फाटक्या आवाजाची गिटार कोनात चूक असली तरी भरदारच वाटते; झांज फसवत नाही. स्क्रूची मूळ जागा आधी मार्करने खूण करून ठेवा. कंपनीच्या कॅसेटसाठी तिथे परत यावं लागतं.

दहा-बारा भरलेल्या कॅसेट झाल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. काही कॅसेटना स्क्रू तंतोतंत त्याच जागी लागत होता. मग प्रत्येकीची जागा आणि वेगातला फरक वहीत लिहायला लागलो. शेवटी ७२ कॅसेटचे तीन गट पडले, २८, १९ आणि ११चे. उरलेल्या १४ कोणाशीच जुळल्या नाहीत. एक गट म्हणजे एकाच टेपरेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेट. अक्षर वेगळं, शाई वेगळी, मालक वेगळे, पण यंत्र एक. १९च्या गटातल्या सगळ्या अडीच टक्के जास्त वेगाने वाजतात, कारण तो टेपरेकॉर्डर भरताना सावकाश चालत होता. अडीच टक्के म्हणजे जवळजवळ अर्ध्या सेमीटोनने वर. ज्यांनी त्या कॅसेटवरून गिटार बसवली असेल त्यांना तारा मूळ सुराच्या जरा वर ओढून लावल्याशिवाय एकही रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हापुन्हा येणारा तुकडा, जुळला नसेल. पुण्यातल्या कुठल्या घरात तो टेपरेकॉर्डर होता हे कळायला मार्ग नाही, पण त्यातून आयर्न मेडन, जुडास प्रीस्ट, स्लेयर, सेपल्चुरा हे बँड निदान चार वेगवेगळ्या हस्ताक्षरांच्या कॅसेटवर गेले आहेत. हे समजलं त्या रात्री पुढची कॅसेट लावली नाही, वहीच वाचत बसलो.

गट पाडल्याचा व्यवहारी फायदाही आहे: एका गटाच्या कॅसेट सलग घ्या, स्क्रू एकदाच लावा.

भरणाऱ्यांचा हिशोबही दिसू लागतो. सी-९०ची एक बाजू प्रत्यक्षात ४६ मिनिटांच्या आसपास चालते. आयर्न मेडनचा १९८८चा सेव्हन्थ सन हा अल्बम ४४ मिनिटांचा, तो एका बाजूत जेमतेम बसतो आणि त्याखाली काहीच भरता येत नाही. त्याआधीचा समव्हेअर इन टाइम ५१ मिनिटांचा. तो भरला की शेवटचं साडेआठ मिनिटांचं गाणं तिसऱ्या मिनिटाच्या पुढे कुठेतरी तुटतं. खोक्यात अशा दोन कॅसेट आहेत, दोन्हींवर ते गाणं तुटलेलं. एकीच्या मालकाने कव्हरवर त्या गाण्याच्या नावापुढे बाण काढून 'अर्धं' लिहून ठेवलं आहे. स्लेयरचा रेन इन ब्लड २९ मिनिटांचा, तो सी-६०च्या एका बाजूत अख्खा मावतो. कंपनीच्या मूळ कॅसेटवरही तो दोन्ही बाजूंना पुराच्या पुरा होता. म्हणून फाइल गाण्यागणिक कापू नका. अख्खी बाजू एक फाइल ठेवा, शेवटच्या शांततेसकट. गाण्यांच्या वेळा वेगळ्या मजकुरात लिहा.

डॉल्बीबद्दल, म्हणजे कॅसेटची खरखर कमी करण्याच्या सोयीबद्दल, थोडक्यात: डॉल्बीने भरलेली कॅसेट डॉल्बीशिवाय वाजवली तर खरखर वाढते आणि आवाज जास्त चमकतो, डॉल्बीशिवाय भरलेली डॉल्बी लावून वाजवली तर ती मंद होते. कव्हरवरच्या खुणेवर विसंबू नका, आधी अझिमथ लावा आणि मगच कानाने ठरवा. उलट केलंत तर एका दोषाने दुसरा झाकला जातो.

सात कॅसेटमधली फितीमागची नमद्याची गादी गळून पडली होती. ती नसली की फीत हेडला टेकत नाही, म्हणून फीत दुसऱ्या कॅसेटच्या खोळीत हलवावी लागते. रस्त्यावर वीस रुपयांना मिळणाऱ्या जुन्या भजनांच्या किंवा भाषणांच्या कॅसेट नका वापरू, त्या कोणाच्या तरी एकमेव असू शकतात; शक्यतो कोऱ्या न वापरलेल्या शोधा. अशा वीस घेतल्या, ४०० रुपयांत. पाच स्क्रू काढून दोन्ही गुंडाळ्या नव्या खोळीत ठेवायच्या, फीत दोन्ही कोपऱ्यांतल्या चाकांवरून आणि गादीच्या पुढून गेली आहे हे पाहून मगच झाकण लावायचं. तुटलेली फीत जोडायला खास पट्टी मिळते, ८५० रुपये. सेलोटेप कधीच नको, तिचा गोंद पसरतो आणि पुढचा वेढा चिकटतो. खोक्यात १९९०च्या आसपासचे सेलोटेपचे तीन जोड होते आणि तिन्ही ठिकाणी फितीचा वरचा थर उखडला होता.

बुरशीच्या नऊ कॅसेट तीन आठवडे सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात सुकवल्या. मग गच्चीत, तोंडाला एन-९५ मास्क लावून, खोळ उघडून फीत हाताने एका गुंडाळीवरून दुसरीवर घेत मऊ कोरड्या कापडातून पुसली. एका कॅसेटला दोन तास. सुकण्याआधी रिवाइंड केली तर वेढे चिकटून फीत फाटते. नवांपैकी आठ वाचल्या.

९ जूनपर्यंत ७१ झाल्या आणि पाऊस सुरू झाला. दमट हवेत फीत हेडवर किंचाळायला लागते, ती जबरदस्तीने वाजवू नका. ६ ऑक्टोबरला पुन्हा डेक लावला.

टीव्हीवरून भरलेल्या पाच कॅसेट ऑक्टोबरात झाल्या. एकीवर मेगाडेथच्या गाण्याच्या मध्यभागी कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत आणि 'आवाज कमी कर' असं स्पष्ट ऐकू येतं. खरखर काढणारी कुठलीही सोय वापरली नाही. तिने झांजेचा शेवट पाण्यासारखा होतो, आणि शिट्ट्याही पुसल्या जातात.

नावं नसलेली गाणी ओळखायला फोनवरचं ॲप चालतं, पण वेग फार हललेला असेल तर ते ओळखत नाही. आधी वेग दुरुस्त केलेली तात्पुरती प्रत ऐकवा. तरी तीन गाणी अनोळखी राहिली. तिन्ही २८च्या गटातली, तिन्ही शेवटच्या उरलेल्या जागेत भरलेली.

एकंदर १३३ तास, साधारण १३८ जीबी, फ्लॅक (आवाज न गमावता फाइल लहान करणारा प्रकार) केल्यावर ९५. दोन वेगळ्या डिस्कवर, ९,२०० रुपये. अल्कोहोल ३५० आणि सिलिका जेल ३०० धरून सगळा खर्च २७,७०० झाला, म्हणजे कॅसेटमागे सुमारे २३५ रुपये. डेक आणि इंटरफेस उसने मिळाले तर दहा हजार वाचतील. खाजगी कारणासाठी रास्त वापराची मुभा कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम ५२(१)(क)मध्ये आहे. इंटरनेटवर टाकण्याची नाही, म्हणून काहीही टाकलेलं नाही. प्रती ज्यांच्या कॅसेट होत्या त्यांनाच दिल्या.

रंगभवनची कॅसेट ८ डिसेंबरला, सगळ्यांच्या शेवटी लावली. मोनो, गर्दीच्या आत बसवलेला माइक, खालचे स्वर चिरडलेले. स्क्रू १९च्या गटाच्या जागी नेऊन पाहिला. हाय-हॅट तिथेच उघडली. वेगही अडीच टक्केच. बी बाजूवर दोन गाण्यांच्या मध्ये कोणीतरी अगदी माइकजवळ मराठीत विचारतं, 'चालू आहे ना रे?' आणि दुसरा म्हणतो, 'आहे, तू हलू नकोस.' पुढची बारा मिनिटं माइक जराही हललेला नाही.